चेरीच्या पाकातलं ऊन

पिकतं तिथं विकत नाही, हा नियम ऊन या पदार्थालाही लागू आहे. ग्रीसमधल्या आमच्या कालामाताच्या किनाऱ्यावर ऊन एवढं मुबलक आहे की ते अंगावर घेणं हे परदेशी पाहुण्यांचं काम मानलं जातं. ते बिचारे विमानाने येतात, वाळूवर आडवे पडतात, लाल होतात आणि परत जातात. आम्ही स्थानिक नागरिक खिडक्यांच्या झडपा लावून घरात बसतो आणि 'काय हे ऊन' असं म्हणतो. उन्हाचं हे वाटप वर्षानुवर्षं सुरळीत चालू होतं. मध्येच आमच्या सुनेच्या रक्ताचा अहवाल आला.

अहवालाकडे वळण्यापूर्वी प्रस्तुत लेखकाचा अधिकार सांगणं आवश्यक आहे. मी थ्रासीवुलोस, नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीतून तेहतीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त. (एवढ्या काळात फक्त एक जन्म चुकून मृत्यूच्या वहीत गेला. ते गृहस्थ आता छत्तीस वर्षांचे आहेत आणि त्यांची तक्रार नाही.) तारखांच्या बाबतीत माझा शब्द गावात अखेरचा समजतात.

तर सून मिर्सिनी. गरोदरपणात तिची साखर वाढली होती, बाळंतपणानंतर उतरली. आम्ही सुस्कारा सोडला. पण डॉक्टर कालिरोईबाईंना लोकांचे सुस्कारे बघवत नाहीत.

"आत्ता उतरली म्हणजे कायमची गेली असं समजू नका," त्या म्हणाल्या. "अशा बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता जास्त असते. सहा ते बारा आठवड्यांत तपासणी करायची. उपाशीपोटी रक्त, मग साखरेचं पाणी, मग दोन तासांनी पुन्हा रक्त. आणि हिचं व्हिटॅमिन डी अकरावर आलंय. हे थेंब, रोज एकदा, खाण्याबरोबर."

माझी बायको स्तामातिया खुर्चीतून अर्धी उठली. "कालामातामध्ये ऊन कमी पडलं? उद्या म्हणाल समुद्रात मीठ कमी आहे!"

"समुद्रात आहे हो मीठ. सुनेला तुम्ही बाहेर सोडता का?"

हा प्रश्न अप्रस्तुत होता. बाळंतीण चाळीस दिवस बाहेर पडत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. स्तामातियाच्या अमलाखाली त्याची नियमावली पुढीलप्रमाणे होती. बाळंतिणीने उंबरठा ओलांडू नये. झडपा उघडू नयेत, कारण वारा. पडदे सारू नयेत, कारण दृष्ट. गच्चीवर जाऊ नये, कारण गच्चीवरून शेजारीण पोलिक्सेनी दिसते, आणि पोलिक्सेनीचे डोळे निळे आहेत; आमच्याकडे निळ्या डोळ्यांची दृष्ट सगळ्यात कडक समजतात. चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये पाद्रीबाबांचा आशीर्वाद घेतल्यावर बंदी उठते. (व्यवहारात ती आणखी महिनाभर रेंगाळते, कारण वर सांगितलेला वारा काही उठून गेलेला नसतो.)

या चाळीस दिवसांत त्र्याण्णव पाहुणे आले. बाळ बघायला आलेले, त्र्याण्णव. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तीनदा थू-थू केलेले, एक्क्याण्णव. (उरलेल्या दोघांना सर्दी होती.) आईला 'तू कशी आहेस' असं विचारलेले, चार. त्यातला एक गॅसवाला होता.

आलेल्या प्रत्येकाला थंड पाणी आणि चमच्याचं गोड द्यावं लागतं. चमच्याचं गोड म्हणजे फळ साखरेच्या पाकात एवढा वेळ शिजवायचं, की शेवटी फळालाही आपण फळ असल्याचं आठवू नये. ते पाहुण्याने एकट्याने खाणं अशुभ, म्हणून बाळंतिणीनेही सोबत एक चमचा घ्यायचा. मिर्सिनीने पहिल्या आठवड्यात नको म्हणून बघितलं. "आई, मला गोड चालत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

"अगं पोरी, हे गोड थोडंच आहे? हा मान आहे," स्तामातिया म्हणाली.

मुलगा आर्गिरिस त्या वेळी फोनवर फुटबॉल बघत होता. त्याने अत्यंत निःपक्षपाती भूमिका घेतली.

थेंबांची अंमलबजावणी मात्र चोख झाली, हे मान्य केलं पाहिजे. त्यांना तेलकट वास येतो म्हणून मिर्सिनी तोंड वाकडं करायची. स्तामातियाने त्यावर तोडगा काढला. रोज सकाळी आंबट चेरीच्या पाकाचा भरगच्च चमचा, त्यावर मोजून थेंब. 'खाण्याबरोबर' या अटीचीही पूर्तता झाली. एकही दिवस खाडा नाही. आमच्या कचेरीतसुद्धा मी अशी शिस्त बघितलेली नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती गंमत म्हणून नाही. मिर्सिनीच्या आईचा पाय साखरेमुळे गुडघ्याखाली कापावा लागला होता, आणि दोन वर्षांनी ती गेली. तेव्हा मिर्सिनी एकोणीस वर्षांची होती. ती तपासणी आमच्या लेखी एक कागद होता. मिर्सिनी मात्र रोज कॅलेंडरवरच्या त्या तारखेकडे बघायची, आणि आम्हाला वाटायचं की ती चर्चच्या दिवसाची वाट बघतेय.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेत गेलो. पहिलंच रक्त, एकशे अडतीस; हवं होतं शंभराच्या आत. तिथल्या बाईंनी साखरेचं पाणी द्यायचं थांबवलं आणि डॉक्टरांना फोन लावला. मिर्सिनी बाकावर बसली आणि रडायला लागली, आवाज न करता, बाळ मांडीवर झोपलं होतं म्हणून. आर्गिरिसने फोन खिशात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने तो स्वतःहून ठेवला असावा.

कालिरोईबाईंनी आम्हाला तडक दवाखान्यात बोलावलं. "उपाशी होतीस ना?"

"हो. फक्त औषध घेतलं."

"कुठलं?"

"तुम्ही दिलेले थेंब."

"कशातून?"

मिर्सिनीने सासूकडे बघितलं. "रात्रभर बाळाला पाजत होते, झोपेतच होते. आईंनी चमचा तोंडात घातला."

"चेरीतून दिले," स्तामातिया म्हणाली. "रोजच देते."

"अहो स्तामातियाबाई! उपाशीपोटी म्हणजे काय?"

"जेवली कुठे ती? पावाचा तुकडासुद्धा नाही दिला!"

यावर कालिरोईबाईंनी कपाळावर हात मारला. पण तर्काच्या दृष्टीने स्तामातियाची बाजू भक्कम होती. थेंब खाण्याबरोबर घ्यायचे होते, तेवढ्यापुरती चेरी हे खाणं. तपासणी उपाशीपोटी करायची होती, तेवढ्यापुरती चेरी हे औषध. असा दुहेरी दर्जा आमच्या नगरपालिकेत फक्त उपमहापौरांना आहे.

दुसऱ्या तपासणीची तारीख पुढच्या आठवड्याची मिळाली. त्या पहाटे मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलो. स्तामातिया दोनदा आली. एकदा पाणी प्यायला, एकदा मी झोपलोय का ते बघायला. चेरीची बरणी मी मांडीत धरली होती.

निकाल आला. उपाशीपोटी शहाण्णव, दोन तासांनंतर एकशे एक्कावन्न. मधुमेह नाही, पण ठणठणीतही नाही, काठावर. व्हिटॅमिन डी मात्र अकरावरून चौतीसवर.

"बघा!" स्तामातिया म्हणाली. "एका विषयात तर पास झाली!"

"छान. पण ते थेंब साखरेचं औषध नव्हेत," कालिरोईबाई म्हणाल्या. "कमी होतं, भरून निघालं, एवढंच. आता ही रोज चालणार, गोड बंद, आणि दर वर्षी ही तपासणी. विसरायची नाही."

त्याच संध्याकाळी पास झालेल्या विषयाचा आनंद म्हणून घरात बदामाच्या बर्फीचं ताट आलं. मिर्सिनीने ते बघितलं, बाळगाडी काढली आणि समुद्राच्या दिशेने निघून गेली. दीड तासाने परत आली. दुसऱ्या दिवशीही गेली, भर अकरा वाजता, डोक्यावर काही न घेता. पोलिक्सेनीने निळ्या डोळ्यांनी सगळं बघितलं. बाळाला काहीही झालं नाही.

वर्ष गेलं. या वर्षात आमच्या घराने बाळाच्या सगळ्या लशी वेळेवर दिल्या, बाप्तिस्मा केला, पहिला दात कोणत्या वारी आला ते लिहून ठेवलं, गाडीची सक्तीची तपासणी मुदतीच्या चार दिवस आधी उरकली. मिर्सिनीची तपासणी कोणालाच आठवली नाही. मलासुद्धा, ज्याचा शब्द तारखांच्या बाबतीत अखेरचा.

ती एकटी जाऊन आली. मंगळवारी जेवताना तिने कागद टेबलावर ठेवला. दोन तासांनंतरचा आकडा एकशे बावीस. ठणठणीत.

स्तामातियाने लगेच थेंबांचं श्रेय घेतलं. आर्गिरिस म्हणाला, बाळगाडीला चांगली चाकं मीच बसवून दिली होती. मी माझ्या खुर्चीवरच्या पहाऱ्याचा उल्लेख केला.

मिर्सिनीने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "बाबा, निकाल येईपर्यंत तीन रात्री मला झोप नव्हती. तुम्हाला कोणाला दिसलंच नाही ना?"

मला लाज वाटली. साधी, सरळ लाज.

तुम्ही हसलात ते योग्यच आहे, आम्ही माणसं हसण्यासारखीच आहोत. आता तुमच्या घरातलं शेवटचं बाळंतपण आठवा. बाळाचं जन्माचं वजन? तोंडपाठ आहे, ग्रॅमसकट. बरं, त्याच्या आईची साखर त्यानंतर किती होती?

सांगा, सावकाश सांगा. शेजारच्या खोलीत जाऊन विचारून आलात तरी चालेल.