भिवंडी नसलेला अॅटलास

"छप्पर या पावसाळ्याआधी झालं नाही, तर रामनाथ गुरुजी हे नाव लावणार नाही!" भिवंडीच्या वाचनालयाचे चिटणीस असलेल्या गुरुजींनी भर सभेत टेबलावर मूठ आपटली. टेबलावरचा ग्लास उलटला, पण गुरुजी डगमगले नाहीत. छत्तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, ग्लासला काय भीक घालतो!

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. वाचनालयाच्या कपाटात दीडशे वर्षांपूर्वीचा एक विलायती अॅटलास सापडला होता. कातडी बांधणी, आणि प्रत्येक नकाशाच्या कडेला रंगीत हत्ती, गलबतं, ताडाची झाडं. त्याचा लिलाव करायचा आणि त्या पैशात गळकं छप्पर नवं करायचं, ही गुरुजींची योजना. मुंबईहून जुन्या पुस्तकांचे व्यापारी दस्तूरशेठ येणार होते. गावातले लूममालक इक्बालशेठही ऑफिसात लावायला काहीतरी झकास हवं म्हणून बोली लावणार होते.

लिलावाच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. दस्तूरशेठांनी भिंगातून पानन् पान न्याहाळलं, खूश होऊन मान डोलावली आणि बोलीआधी चहा घ्यायला खाली उतरले. तेवढ्यात इक्बालशेठ पुढे आले.

"गुरुजी, जरा आपली भिवंडी दाखवा ना! मग बघा कशी बोली लावतो."

"आत्ता दाखवतो!"

गुरुजींचं बोट नकाशावर फिरलं. ठाणं सापडलं. कल्याण सापडलं. वसई तर ठसठशीत. भिवंडी कुठेच नाही!

"आमचा अंजूर हाय का बगा," मागून शेजारच्या खेड्यातला रघू ओरडला.

"अरे, इथे भिवंडीच नाही, तुझा अंजूर कुठून आणू!"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. इक्बालशेठ मागे सरकले. "जाने दो गुरुजी. ज्यात आपलं गावच नाही, ते लावून काय करायचं? कल्याणवाले येऊन हसतील!"

कल्याणवाले हसतील! गुरुजींच्या कानशिलावरची शीर ताडताड उडायला लागली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कामवारी नदीच्या काठी, भिवंडीच्या नेमक्या जागेवर, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत भलतंच नाव होतं.

"बीमरी? हे गाव आहे की दुखणं? एवढ्या मोठ्या पेठेच्या जागी ही कुठली फडतूस वाडी आणून बसवली! मुलानं असा नकाशा काढला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं!"

आणि संतापाच्या भरात गुरुजींचा हात सवयीनं खिशाकडे गेला. लाल पेन निघालं. बीमरीवर सणसणीत काट बसली, वर टपोऱ्या अक्षरांत 'भिवंडी' उमटलं आणि समासातल्या हत्तीच्या पोटावर गुरुजींची सही झाली, तारखेसकट! सभागृहानं कडकडून टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकून दस्तूरशेठ वर आले. त्यांनी पान पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसले.

"कोणी... कोणी केलं हे?"

"मी!" गुरुजी ताठ मानेनं म्हणाले. "चूक होती, दुरुस्त केली. आता खुशाल बोली लावा."

"अरे गुरुजी, चूक कसली! तुमच्या गावाचं जुनं नाव भिमडी ना? साहेबाच्या कानाला ते 'बीमरी' ऐकू आलं. तुम्ही भिवंडी खोडून भिवंडी लिहिलीत!"

दस्तूरशेठांनी भिंग मिटलं, छत्री उचलली आणि टॅक्सी बोलवायला सांगितलं. शेवटी इक्बालशेठांनाच दया आली. "आता तर आपलं गाव डबल आलं, गुरुजी," असं म्हणत त्यांनी अॅटलास जेमतेम किमतीला घेतला. त्यात छप्पर झालं, पण अर्धंच.

गुरुजी घरी आले ते धुमसतच. पायरीवरूनच त्यांचा आवाज चढला.

"ज्याला साधं भिवंडी लिहिता येत नाही, त्यानं पृथ्वीचा नकाशा काढावा? आणि नावं ठेवायची मला? दुरुस्ती करणं हा काय गुन्हा झाला?"

त्यांच्या पत्नी सरोजिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"अर्धं छप्पर झालं म्हणता ना?"

"हो. पूर्वेकडचं."

"मग चिटणिसांची खुर्ची उद्याच पश्चिमेकडच्या गळक्या छपराखाली हलवा. नाहीतर लोक हलवतील, तुमच्यासकट!"