विडा गेला कुठं?

त्र्यंबकरावांच्या हातात विडा दिला की तो फार वेळ विडा राहत नसे. त्याचं फणसाचं पान व्हायचं, चिंचेचं बुटुक व्हायचं. एकदा तर चांगली जिवंत गोगलगाय झाली आणि तबकाच्या काठावरून आपल्या चालीनं निघून गेली. पंगत 'वा वा' म्हणायची, आणि ज्याचा विडा गेला तो तोंड कोरडं घेऊन घरी जायचा.

त्र्यंबकराव माझे शेजारी. ठाण्याच्या कचेरीत आम्ही दोघंही कारकून, आणि नौपाड्यात आमची परसदारं एकमेकांना लागून. आगगाडी येऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण नौपाड्यात अजून भाताची खाचरंच होती. त्यामुळे करमणुकीला बेडकं आणि त्र्यंबकराव, एवढंच. बायको लवकर गेली, त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्का लग्न म्हणजे काय हे कळायच्या आधीच विधवा झालेली. लाल आलवण, तुळस आणि विहीर, यापलीकडे तिला कुणी पाहिलं नव्हतं.

ही जादूची बाधा त्र्यंबकरावांना कल्याणला झाली. तिथल्या जत्रेत एका गारुड्याचा खेळ पाहिला, आणि कचेरीला पोटदुखी कळवून हे गृहस्थ त्याच्यामागे हिंडत राहिले. परत आले ते दुहेरी बुडाचा गडवा घेऊनच. आत दोन कप्पे, एकात पाणी, एकात ताक. गडव्याच्या काठाजवळ बारीक भोक होतं. त्यावर अंगठा ठेवला की पाणी यायचं, उचलला की ताक. हा गडवा एकदा चुकून आमच्याकडे पूजेला आला. भटजींनी गंगेला आवाहन करून कलशावर धरला तर ताकाची धार लागली. भटजी गंभीरपणे म्हणाले, "यजमान, ही कोणती नदी?"

दुसरा कुणी जादूगार आपली कला झाकून ठेवील. त्र्यंबकराव ती रस्त्यात थांबवून शिकवायचे. "ऐका हो," ते माझी बाही धरून सांगत, "वस्तू बदलणं म्हणजे दोन चोऱ्या. एक चोरून आणायची, एक चोरून न्यायची. आणणं सोपं. नेण्यात कसब आहे." मग उपरणं उलटं करून दाखवत. टोकाला आतून एक चोरखिसा शिवलेला. त्यात आधीच फणसाचं पान तयार. विडा टोकाखाली धरायचा, लोकांना दुसरीकडे बघायला लावायचं, तेवढ्यात विडा खिशात आणि पान बाहेर.

लोकांना दुसरीकडे बघायला लावायचा त्यांचा उपाय एकच होता. शिंक. ऐन मंगल कार्यात ते दणदणीत शिंकत. शिंक म्हणजे अपशकुन, त्यामुळे अख्खी पंगत दचकून यजमानाच्या तोंडाकडे बघे. यजमान देवाकडे बघे. त्र्यंबकरावांच्या हाताकडे बघायला कुणीच उरत नसे.

फसली नाही ती एकटी बारकूबाई. ती बाळकुमहून भाजीची पाटी घेऊन यायची. त्र्यंबकरावांनी भर रस्त्यात तिच्या वांग्याची काकडी केली. आम्ही टाळ्या वाजवल्या. बारकूबाई काकडीकडे बघेचना.

"माजा वांगा कं गेला?"

"अगं, त्याचीच काकडी झाली."

"काकरी माजेकरं पाटीभर हाय. माजा वांगा मना दे."

त्र्यंबकरावांनी निमूटपणे वांगं काढून दिलं. वांगं दिलं, पण विडा मात्र त्यांनी कधी कुणाला परत दिला नाही. मागितला की म्हणत, "गेला तो गेला. आता त्याची आशा धरू नये." लोक आपसांत म्हणू लागले की जादूबिदू काही नाही, हा माणूस पानांचा चोर आहे. पण मग त्यांचं तोंड कधी रंगलेलं का नसे, हे कुणालाच सांगता येईना.

अखेर एकदा त्यांनी शिरस्तेदारांचाच विडा बदलला. आमचे शिरस्तेदार म्हणजे कचेरीतला वाघ. त्यांचा विडा केशर-कस्तुरीचा. त्र्यंबकराव शिंकले, खेळ झाला, पण 'बदलला' असं जाहीर करायच्या आत शिरस्तेदारांनी हातातलं तोंडात टाकलं आणि दाढेखाली चिंचोका आला. दाढ हलली. सगळी कचेरी हसू दाबून पोट धरून बसली. दुसऱ्या दिवशी शिरस्तेदारांनी मला बोलावलं.

"तुमच्याकडे बहिणीच्या मुलाचं बारसं आहे ना? तिथं त्याला करू दे खेळ. मग तुम्ही मागोमाग जा आणि मुद्देमालासकट धरा. चोर ठरला, की ठाण्यात एकाही पंगतीला त्याचं पान मांडलं जाणार नाही."

मला काळजी वाटली. त्र्यंबकरावांना घरी बोलायला एक आक्का, बाकी सगळा जीव पंगतीत. पंगत बंद झाली तर हा माणूस वाळून जाईल, हे मला दिसत होतं. पण शिरस्तेदारांना नाही कोण म्हणणार?

बारशाचं जेवण झालं. आमच्या कुटुंबानं केलेले विडे तबकात आले. त्र्यंबकराव शिंकले, विड्याचं फणसाचं पान झालं, आणि "आक्का एकटी आहे" म्हणत ते लगबगीनं उठले. शिरस्तेदारांनी भुवई उडवली. ते आमच्या परसदारी उभे राहिले आणि मी कुंपण ओलांडून त्र्यंबकरावांच्या मागच्या पडवीत शिरलो.

आक्का जात्यापाशी भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले, एक गाल फुगलेला, ओठ लालभडक. त्र्यंबकराव तिच्यापुढे उकिडवे बसून विचारत होते, "वेलदोडा लागला का गं? लवंग आहे?" आणि आक्का हातानं 'थांब, थांब' म्हणत होती, कारण बोलली असती तर रस सांडला असता.

विधवेनं विडा खायचा नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. हे बाहेर कळलं असतं तर त्र्यंबकरावांची पंगत गेली असती ती गेलीच, पण आक्काला लोकांनी विहिरीवरही उभं राहू दिलं नसतं.

तिनं डोळे उघडले आणि मी दिसलो. डब्यात हात घालताना सापडलेल्या पोरीसारखा तिचा चेहरा झाला. तिनं झटकन पदर तोंडावर ओढला. त्र्यंबकरावांना त्या वेळी शिंकही सुचली नाही. ते हळूच म्हणाले, "लहानपणी आईच्या डब्यातून विडा पळवायची. अर्धा मला द्यायची. मग एक दिवस आईनं डबाच वर ठेवला. तेव्हा हिला काही कळतही नव्हतं हो. रोज विचारायची, डबा वर का?"

इतकी वर्षं आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि विडा कुठं जातो हे बघायला आम्हाला चोर पकडायची वेळ यावी लागली.

"काय हो, सापडला का?" कुंपणापलीकडून शिरस्तेदार गरजले.

मी बाहेर आलो. "नाही साहेब. आत आक्का आहेत. तोंडावर पदर घेऊन, डोळे मिटून जपाला बसल्यात. त्र्यंबकराव सेवेला समोर बसलेत. मला पुढं जायचा धीर झाला नाही."

शिरस्तेदारांनी जोडे काढले आणि भिंतीच्या दिशेनं हात जोडले. त्या पुण्यवान घरावर पुन्हा पहारा ठेवायचा नाही, असं त्यांनी तिथंच ठरवलं.

पुढं एका सकाळी मी विहिरीवर गेलो. आक्का पलीकडे कळशी भरत होती. माझ्याशी ती कधीच बोलली नव्हती. पाण्याकडे बघतच म्हणाली, "भाऊ, तुमच्या घरचा विडा फार गोड. पण कात घालू नका म्हणून सांगा. रंगतं मेलं तोंड."

मी घरी येऊन कुटुंबाला म्हटलं, "यापुढं विड्यात कात नको." ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग चुनाही बेतानंच घालते. नाहीतर आक्कांचं तोंड पोळायचं." तिला कधीपासून ठाऊक होतं, हे मी विचारलं नाही. आमच्या परसातलं मला सोडून सगळ्यांना ठाऊक असे.

ज्याचा विडा रंगतो त्याच्यावर बायकोचा जीव असतो, असं लोक म्हणतात. मधल्या सुट्टीत कचेरीत आमच्या घरचे विडे निघत. एक त्र्यंबकराव बदलत, एक मी खाई, आणि माझं तोंड जेमतेम पिवळट होई. शिरस्तेदारांपासून शिपायापर्यंत सगळे मला विचारत, "काय हो, घरी काही बिनसलंय का?" मी खाली मान घालून विडा चघळत राही.