चोवीस नंबरची जर्सी

इंडियाना राज्यातल्या मिलर्सफर्ड गावी हायस्कूलच्या जिममध्ये गुणफलक दहा फुटांवर टांगलेला होता, आणि शिडीवर चढायला जिल्हा शिक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागत असे. असं प्रमाणपत्र असलेला गावातला एकमेव माणूस निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेला होता. त्यामुळे फलकाचा दिवा गेला की तो खुर्चीवर उभं राहून बदलायचं काम डेला क्लिंगमनकडे आलं. खुर्चीविषयी नियमावलीत अवाक्षर नव्हतं.

डेला सतरा वर्षांची आणि सहा फूट चार इंच उंच होती. घरी डुकरं पाळलेली, आणि तिला व्हायचं होतं जनावरांची डॉक्टर. बास्केटबॉलमधलं तिला एकच आवडायचं, ते म्हणजे मध्यंतरातले पॉपकॉर्न. पण विम्याची अट अशी होती की संघाबाहेरच्या विद्यार्थ्यानं जिममधल्या विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही. म्हणून कोच हेव्हरस्टिक मॅडमनी तिचं नाव मुलींच्या संघात घातलं आणि तिला चोवीस नंबरची जर्सी दिली. ती घालून डेला हंगामभर दिवे बदलत राहिली.

मार्चअखेर शाळेनं राज्य समितीला वार्षिक विवरणपत्र पाठवलं. डेलाच्या नावापुढे लिहिलं होतं: सामन्यांना हजर, बावीस. चुकलेले नेम, शून्य. फाउल, शून्य. हातून निसटलेले बॉल, शून्य. तिच्या खालच्या ओळीत तिची जिवलग मैत्रीण होती, पर्ल टिबेट्स. उंची पाच फूट दोन इंच. पर्ल दर सामन्यात एकटी तीस गुण करायची, पण तिच्या नावापुढे चुकलेले नेम दोनशे सत्याऐंशी होते. खेळणाऱ्याच्या हातून चुका होणारच, हे कुणीही सांगेल. विवरणपत्रात मात्र ते सांगायला रकाना नव्हता.

समितीचे प्रमुख मूल्यमापक होते प्रुइट साहेब. राज्यातल्या खेळाडूंची क्रमवारी तेच ठरवत. गेल्या नऊ वर्षांत त्यांनी एकाही जिममध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. खेळ डोळ्यांनी पाहिला की मन पक्षपाती होतं, असं त्यांचं मत होतं. त्यांनी आकडे पाहिले. अख्ख्या राज्यात एकही चूक न केलेली एकच मुलगी होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात डेलाला पत्र आलं: जूनमध्ये राजधानीत होणाऱ्या सर्वोत्तम चोवीस मुलींच्या सामन्यासाठी तुमची निवड झाली आहे.

डेलानं लगेच फोन लावला.

“साहेब, काहीतरी घोटाळा झालाय. मला बास्केटबॉल येत नाही.”

“वा!” प्रुइट साहेब म्हणाले. “बाकीच्या तेवीस जणींपैकी एकीनंही हे कबूल केलेलं नाही.”

“अहो, खरंच येत नाही. मी दिवे बदलते.”

“संघासाठी पडेल ते काम,” असं पुटपुटत त्यांनी ते लिहून घेतलेलं डेलाला ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी नम्रता या सदरात तिला दहापैकी दहा मिळाले आणि ती चोविसाव्या क्रमांकावरून थेट सहाव्यावर गेली.

ती धावत हेव्हरस्टिक मॅडमकडे गेली. मॅडमनी आधी दार लावून घेतलं.

“हे बघ पोरी, या शाळेतून चाळीस वर्षांत कुणी त्या यादीत गेलेलं नाही. पाण्याच्या टाकीवर तुझं नाव रंगवायला घेतलंय. ‘डेला’ रंगवून झालंय, ‘क्लिंगमन’ वाळतंय. आता तू म्हणतेस येत नाही?”

“पण मॅडम, तुम्हाला तर माहीत आहे ना!”

“मला काय माहीत आहे ते मला कुणी विचारलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या.

मग कॉलेजांची रांग लागली. पहिल्या कॉलेजानं यादी बघून शिष्यवृत्ती देऊ केली. दुसऱ्यानं पहिल्याचं बघून दिली. तिसऱ्यानं, आधीच्या दोघांना आपल्यापेक्षा जास्त काहीतरी कळलेलं असणार, या धास्तीनं राहणं-जेवणंही देऊ केलं. एका कॉलेजचे पाच कोच मोटार घेऊन थेट क्लिंगमनांच्या गोठ्यावर आले. डेला डुकरांना खाणं घालत होती. पाचही जण कुंपणाला टेकून तासभर वहीत लिहीत बसले. “बादली धरताना मनगट बघा,” एक जण हळूच म्हणाला. दुसऱ्याला गहिवरून आलं.

आजोबा ओट्यावरून हे पाहत होते. “डेले, या लोकांना डुकरं घ्यायची आहेत का?”

“नाही आजोबा. मला घ्यायला आलेत.”

“मग वजन कसं नाही केलं अजून?” आजोबा म्हणाले.

या सगळ्यात पर्लनं बोलणं टाकलं होतं. तिला एकाही कॉलेजचं पत्र आलं नव्हतं. तिच्या आईनं गावाबाहेरच्या कोंबड्यांच्या कारखान्यात तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. सोमवारपासून ये, म्हणाले होते. डेला तिच्या घरी गेली तेव्हा पर्ल अंगणात एकटीच बास्केटमध्ये बॉल टाकत होती.

“ये की, ताडमाड बाई,” पर्ल म्हणाली. “आज किती कॉलेजं पाया पडली?”

“पर्ले, टोमणे नंतर मार. माझ्या जागी तू जा.”

“विचारलं मी समितीला. निवड हस्तांतरणीय नाही म्हणे.” बॉल पुन्हा बास्केटमध्ये पडला. पर्लनं बाहीनं डोळे पुसले. “बारा वर्षं खेळतेय गं मी. बारा! आणि तू... तुला तर ट्रॅव्हलिंगचा फाउल म्हणजे काय तेही ठाऊक नाही.”

“प्रवास?” डेलानं भीतभीत विचारलं.

पर्लला रडता रडता हसू फुटलं, आणि तिथेच दोघींची गट्टी पुन्हा जमली. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी समितीची चौऱ्याहत्तर पानी नियमावली वाचून काढली. एकतिसाव्या पानावर लिहिलं होतं: प्रत्येक निवडक खेळाडूस एक वैयक्तिक मदतनीस आणता येईल. मदतनीसाची उंची, वय व कर्तव्ये यांबाबत बंधन नाही.

सामन्याच्या दिवशी नऊ हजार माणसं जमली होती. पहिल्या अर्ध्यात डेला सांगितल्या जागी उभी राहिली. बॉल आला की तो ती जवळच्या मुलीला देई, “घे बाई,” म्हणून. ती मुलगी आपल्या संघातली की समोरच्या, हे ती बघत नसे. टीव्हीवरच्या तज्ज्ञांनी याला ‘वैचारिक खेळ’ म्हटलं. “ती धावत नाही, कारण तिला धावायची गरज वाटत नाही,” एकानं सांगितलं. दुसऱ्यानं पडद्यावर बाण काढून ती कुठे उभी होती ते दाखवलं. मग ती अजूनही तिथेच उभी असल्याचं दाखवलं.

मध्यंतरात कपडे बदलायच्या खोलीत डेलानं जर्सी काढून पर्लच्या अंगात घातली. ती पर्लच्या गुडघ्यांपर्यंत आली.

“पकडले गेलो तर?” पर्लनं विचारलं.

“तर काय करतील? मला खेळू देणार नाहीत. एवढं माझं नशीब कुठलं!”

दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीलाच पर्लनं दोघींच्या मधून बॉल काढला आणि लांबून बास्केट केलं. मग दुसरं, मग तिसरं. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. पंचानं शिट्टी वाजवून खेळ थांबवला. त्यानं पर्लकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं, पुन्हा पर्लकडे पाहिलं.

“नंबर चोवीस?”

“हो.”

“कागदावर सहा फूट चार इंच आहे.”

“मग असेलच,” पर्ल म्हणाली.

पंचानं टेबलाशी बसलेल्या प्रुइट साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान वर न करता आकडे तपासले. “नोंद बरोबर आहे,” ते म्हणाले. “बाकी दिसण्यावर जाऊ नका.” खेळ पुन्हा सुरू झाला. बाकावर बसून डेला घसा बसेपर्यंत “पर्ल! पर्ल!” ओरडत होती. तज्ज्ञांनी सांगितलं, ही मदतनीस खेळाडूला लाडानं मोती म्हणते.

पर्लनं सत्तावीस गुण केले. संध्याकाळी अहवाल निघाला: डेला क्लिंगमन, क्रमांक पहिला. उंच असूनही आवश्यकतेनुसार ठेंगणेपणाने खेळण्याची दुर्मीळ क्षमता. पर्लला एक प्रमाणपत्र मिळालं, पाणी वेळेवर पुरवल्याबद्दल.

डेलाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं पत्रकारांच्या टेबलावरचा माईक ओढला. “दुसऱ्या अर्ध्यात खेळली ती ही! पर्ल टिबेट्स! मी बाकावर बसून पॉपकॉर्न खात होते!”

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळं श्रेय मदतनीसाला देणारी खेळाडू राज्यानं आजवर पाहिली नव्हती. प्रुइट साहेबांनी नम्रतेचे गुण दहापैकी बारा केले.

“पुरे आता,” पर्लनं तिला कोपरानं ढोसलं. “आणखी बोललीस तर पुतळा उभारतील.”

मग डेला शहाणी झाली. जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण असलेलं एक कॉलेज निवडून तिनं त्यांच्या कोच ब्रॅनिगन बाईंपुढे एक अट ठेवली: मदतनीसालाही पूर्ण शिष्यवृत्ती, आणि सामन्याच्या दिवशी जर्सी तिच्या अंगावर. ब्रॅनिगन बाईंनी कुणाला ऐकू जात नाही ना ते पाहिलं.

“खेळणार कोण?” त्यांनी विचारलं.

“ही.”

“देवाची कृपा,” म्हणून बाईंनी सही केली. ऑगस्टपासून पर्ल खेळू लागली आणि डेला गायींच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून शिकू लागली. दोघीही फार सुखात होत्या.

सुट्टीत घरी आल्या तेव्हा जेवताना आजोबांनी विचारलं, “अगं, पण त्या दिवशी जिंकलं कोण?”

डेलानं पर्लकडे पाहिलं, पर्लनं डेलाकडे. दोघींनाही आठवेना. शेजारच्या नेल्सननं तर तिकीट काढून सामना पाहिला होता. त्याला कुठली मुलगी कुठल्या कॉलेजात गेली ते तोंडपाठ होतं, पण निकाल ठाऊक नव्हता. जुनी वर्तमानपत्रं काढली. चार पानं भरून क्रमवारी होती, निकाल कुठेच नव्हता. शेवटी समितीला फोन केला. तिकडून सांगितलं, की स्थापनेपासून असली चौकशी पहिल्यांदाच येते आहे, तरी अर्ज करावा.

आणि वाचकहो, त्या नऊ हजारांना हसू नका. कोण जिंकलं, असं तुम्ही तरी आत्तापर्यंत कुठे विचारलं होतंत?