वळा म्हटलं की वळणारी मॅट

एका जंगलात, जिथं थंडी वाघालाही न विचारता यायची, तिथं साळू नावाची साळिंदरीण राहायची. ती गोधड्या शिवायची. सुया तिच्या पाठीवरच असायच्या, त्यामुळं त्या कधी हरवत नसत.

गोधडीचे तुकडे कापायचं काम खेकड्याकडं होतं. त्याचं नाव नांगीराव. मुलांनो, खेकड्याला कात्री विकत घ्यावी लागत नाही. पण तो तिरका चालतो. म्हणून एक बाजू कापून झाली की कापडच त्याच्यापुढं फिरवावं लागे.

ते कापड कासवअण्णांच्या पाठीवर अंथरत. तिथं चौकटी जन्मापासून आखलेल्या होत्या. नांगीराव म्हणायचा, "अण्णा, वळा." अण्णा वळायचे. सावकाश वळायचे, आणि वळता वळता आपल्या सांधेदुखीबद्दल सांगायचे.

एक दिवस सशीण आली. पोट बरंच पुढं आलेलं.

"वहिनी, गोधडी लवकर हवी हो. थंडी आणि पिल्लं एकदमच येणार. थंडीला थांब म्हणून पाहिलं, ऐकत नाही."

ती गेल्यावर नांगीराव म्हणाला, "आता अण्णांवर भागायचं नाही. हल्ली कापड ठेवून कापायची फिरती कटिंग मॅट मिळते. बोट लावलं की गर्रकन फिरते."

"आणि अण्णा?"

"त्यांना आराम."

अण्णांनी मान आत घेतली. आराम हा शब्द त्यांना पाठीच्या आतून ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी दोघं जांभळीखालच्या माकडशेठच्या दुकानात गेली.

पहिली मॅट गुळगुळीत होती. नांगीराव वर चढला, साळूनं बोट लावलं, आणि तो थेट ओढ्यात जाऊन पडला.

"हिला स्पीड आहे," शेठ म्हणाला.

दुसरी फिरेचना.

"हिला स्थैर्य आहे."

तिसरी एकाच बाजूला फिरायची, तीही उलट्या.

"ही निष्ठावान आहे."

तेवढ्यात साळूला कोपऱ्यात चौथी दिसली. गोल, फुगीर, चौकटी आखलेली.

मुलांनो, ते कासवअण्णा होते. आपल्या जागी कोण येणार, एवढं नुसतं बघायला ते पहाटेच आले होते. दुकानात गारवा होता. मान आत घेऊन ते झोपले. आणि दुकानात जे हलत नाही त्याला किमतीची चिठ्ठी लावायची, असा शेठचा नियम होता.

तुम्ही अण्णांना चिठ्ठीसकट ओळखलं असतं. पण तुम्ही लहान आहात. मोठे झालात की आधी चिठ्ठी वाचाल.

"बापरे!" साळूनं किंमत वाचली. "हिवाळ्याची सगळी बोरं?"

"इम्पोर्टेड आहे," शेठ म्हणाला.

"रेघा काय खोल आहेत बघा वहिनी! आणि घसरत नाही. अण्णांच्या रेघा तर पार पुसट झाल्यात." नांगीराव खूश झाला आणि सवयीनं म्हणाला, "वळा."

मॅट झोपेतच वळली.

"आवाजावर चालते!" दोघं एकदम ओरडली. बोरं देऊन टाकली.

मॅट घरी आणली. सावलीत, मऊ गवतावर ठेवली. तिच्यावर टेकायचं नाही, असं ठरलं. कामाला सुरुवात झाली. तुकडे भराभर पडू लागले. आता मॅट सावकाश वळली तर कुणी कुरकुरत नव्हतं. महागाची वस्तू जपून वापरावी लागते.

दुपारी अण्णांना नीट जाग आली. त्यांनी मान बाहेर काढली.

"साळूवहिनी, अहो, मी..."

नांगीरावची नांगी थांबली. साळूनं अण्णांकडं पाहिलं. मग बोरांच्या रिकाम्या टोपलीकडं पाहिलं.

शेवटी नांगीराव म्हणाला, "वहिनी, ही बोलतेसुद्धा!"

"बोलणारच," साळू म्हणाली. "एवढी किंमत मोजलीय."

अण्णांनी थोडा विचार केला.

"मग जरा सांध्यांना तेल लावता का?"

"मेंटेनन्स," असं गंभीरपणे म्हणत नांगीराव तेल आणायला तिरका पळाला.

थंडी आली त्याच दिवशी पिल्लं आली, आणि त्याच दिवशी गोधडीचा शेवटचा टाका पडला. पिल्लं तिच्याखाली अशी गुरफटली की बाहेर नुसते कान राहिले. मॅट बघायला सगळं जंगल लोटलं.

सशीण तेवढी इकडंतिकडं बघत म्हणाली, "कासवअण्णा कुठं दिसत नाहीत?"

साळू चाचरली. "ते... ते आराम करताहेत."

"मजेत आहेत," मॅट म्हणाली.

तात्पर्य : आपल्या माणसांनी आपली कदर करावी असं वाटत असेल, तर त्यांच्यासाठी राबत बसू नये. दुकानात जाऊन झोपावं. आणि घरी परत आल्यावरही अंगावरची चिठ्ठी काढू नये.