सात चाळीसचा पाहुणा

घड्याळजीने भिंतीवरचं घड्याळ खिळ्यावरून काढलं, काखेत मारलं आणि तो गच्चीचा जिना चढायला लागला. सात चाळीसला समोरच्या पाण्याच्या टाकीमागून एक मोठा लघुग्रह वर येणार होता आणि पृथ्वीला धक्का न लावता, शहाण्या पाहुण्यासारखा जवळून निघून जाणार होता. डोळे अंधाराला सरावावेत म्हणून घड्याळजीने सगळ्या बिऱ्हाडांना फोन खालीच ठेवायला लावले होते. त्याच्या स्वतःच्या मनगटावर तर घड्याळ कधीच नसे. दिवसभर लोकांचे काटे हलवून तो विटलेला असे.

काळजी होती ती सासऱ्यांची. सासरे रेल्वेत गार्ड होते. त्यांचं खिशातलं घड्याळ अकरा वर्षं साडेनऊवर थांबलं होतं, पण ते जावयाकडे दुरुस्तीला देत नसत. "स्वतःच्या लग्नाला जो पाऊण तास उशिरा आला, त्याच्या हाती वेळ सोपवू?" असं चारचौघांत विचारत. आज तेच गुडघे धरत चार मजले चढून आले होते. आज फजिती झाली तर ते घड्याळ जन्मात हाती लागणार नव्हतं.

काट्यांनी सात पन्नास दाखवले. बायको घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवते, हे घड्याळजीला ठाऊक होतं. दहा वजा करून त्याने हात वर केला. "आता बघा."

सगळ्यांनी बघितलं. टाकी होती. टाकीवर कावळा होता.

"एवढा उजेड कसा अजून?" तळमजल्यावरच्या शिंप्याने विचारलं.

"सूर्यही थांबला असेल बघायला," घड्याळजी म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

पंधरा मिनिटं गेली. मानांना रग लागली. "तुमच्या लग्नातलाच पाहुणा दिसतोय हा," म्हणत शिंपी उतरला आणि त्याच्यामागून बाकीची मंडळी. सासऱ्यांचे गुडघे इतक्यात उतरायला राजी नव्हते, म्हणून घरचे तेवढे चौघे उरले.

"बाबा, उशीर झाला आपल्याला. चुकलं माझं," घड्याळजी खालच्या मानेने म्हणाला.

बायकोला राहवेना. "अहो, उशीर कसा होईल? तुम्ही दहा वजा करता म्हणून आज मी आणखी दहा पुढे केलं होतं."

घड्याळजीची आई चपापली. "अगं, दहा मीही केलं. म्हटलं, पोराची शोभा नको."

तेवढ्यात सासरे खोकायला लागले. तिघांनीही त्यांच्याकडे बघितलं. "मीपण," ते म्हणाले. "दुपारी आल्या आल्या. जावयाला ओळखून आहे मी."

घड्याळजीने बोटांवर हिशेब केला आणि तो ताडकन उठला. "म्हणजे सात चाळीस व्हायचेत अजून." तो जिन्यात तोंड घालून असा ओरडला, की मंडळी तोंडातला घास तोंडात ठेवून वर आली. शिंपी तर सुईसकट आला.

अंधार पडला. टाकीच्या कडेवरून एक तेजाचा ठिपका वर आला आणि ताऱ्यांच्या गर्दीतून, कुणालाही कोपर न लावता, सावकाश चालू लागला. आईचे हात आपोआप जोडले गेले. "डोंगराएवढा धोंडा," ती पुटपुटली, "आणि देवाने केवढ्या मायेने कडेकडेने नेला गं."

सासऱ्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, आयुष्यात पहिल्यांदा अर्धा तास आधी आलात. उद्या नऊला दुकानावर येतो, घड्याळ घेऊन."

त्या आनंदात घड्याळजीने खाली आल्याबरोबर काटे मोजून मागे घेतले आणि घड्याळ बिनचूक केलं. मग बायकोने, त्याची पाठ वळल्यावर, ओशाळून आपली दहा मिनिटं मागे घेतली. आईने निजण्यापूर्वी आपली घेतली. घरी जाताजाता सासऱ्यांनीही काट्यांना हळूच बोट लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी शीळ घालत दुकानाशी पोचला, तेव्हा सासरे पायरीवर अर्ध्या तासापासून बसलेले होते. त्याची शीळ विझली.

सासऱ्यांना रात्रीचं आपलं बोट आठवलं असावं. त्यांनी तळहातावरच्या बंद घड्याळाकडे बघितलं, मग जावयाकडे.

"साडेनऊ," ते म्हणाले आणि घड्याळ त्याच्या हातात ठेवलं. "माझ्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर आलात."