भावोजींनी बुजवलेल्या फटी

गाडी उभी करायच्या जागेच्या वर लोखंडी तुळई टाकून, तिच्यावर ताईंसाठी शिवणकामाची खोली बांधली, ती त्यांच्या धाकट्या भावाने. ठेकेदार माणूस, बोलायला घाईचा पण कामाला चोख. भिंत त्याने दुहेरी घेतली होती, मधे पोकळी ठेवून, म्हणजे पावसाची ओल आत यायला नको. ताईंकडे गिऱ्हाइकांची रेशमी कापडं असत. त्यांवर एक डाग पडला की धंदा बसलाच म्हणून समजा.

आता ताईंच्या यजमानांचं, म्हणजे भावोजींचं काय करायचं? निवृत्त झाल्यापासून या गृहस्थांना घरात कोणी कशाला हात लावू देत नसे, आणि त्याला कारणंही होती. त्यांनी बसवलेला नळ दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हातात आला होता. तर एका सकाळी खाली अंगणात खुर्चीत बसून मान वर करून बघताना त्यांना दिसलं, की तुळईच्या लगेच वरच्या थरात विटांमधल्या काही उभ्या फटींत सिमेंटच नाही. मेहुण्याची घाई, दुसरं काय! बिचाऱ्याला उगाच कशाला बोल लावायचा, म्हणून ताई बाजारात गेल्यावर त्यांनी शिडी लावली आणि सगळ्या फटी बुजवून टाकल्या. मग खाली उभं राहून कितीतरी वेळ आपलं काम बघत राहिले. खरं सांगायचं तर ते छानच झालं होतं.

पुढच्याच आठवड्यात पावसाने झोडपलं आणि नव्या खोलीत जमिनीलगत भिंतीला ओल फुटली. ताईंनी कापडं उचलून पलंगावर टाकली, भावाला बोलावलं आणि त्याला असं फैलावर घेतलं की भावोजींनाही चेव आला. कामात हयगय केली की असंच व्हायचं, असं त्यांनी वर ऐकवलं.

भाऊ चक्रावला. "अहो भावोजी, बाहेरच्या भिंतीत मुरलेलं पाणी पोकळीतून खाली उतरतं. तुळईवर पत्रा घातलाय, त्यावरून ते बाहेर वळतं आणि फटींतून निघून जातं. त्यासाठीच तर फटी ठेवल्यात."

भावोजींच्या घशाला कोरड पडली. त्या घरात तेवढीच काय ती कोरडी जागा उरली होती.

भाऊ शिडीवर चढला आणि लालबुंद होऊन उतरला. फटी कोणीतरी बुजवल्या होत्या, आणि कोणीतरी म्हणजे गवंडीच. फोन लावून त्याने गवंड्याला झाप झाप झापला. तो बापडा शपथा घेत होता, तरी उद्यापासून कामावर येऊ नकोस, इथपर्यंत मजल गेली. भावोजी चपलांकडे बघत उभे. बोलावं तर बायकोपुढे उरलीसुरली अब्रू जाणार, न बोलावं तर गवंड्याच्या पोटावर पाय येणार.

"आणि बुजवलंस ते तरी किती गचाळ," भाऊ फोनवर म्हणाला. "लहान पोराने याहून बरं भरलं असतं."

"गचाळ?" भावोजी म्हणाले. "एक रेघ वाकडी दाखव मला. एकेक सांधा ओल्या फडक्याने पुसलाय मी."



ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग पदर खोचून शिडी चढल्या आणि त्या सांध्यांवरून बोट फिरवलं.

"सरळ आहेत हो," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या संसारात हातच्या कामाचं हे पहिलं कौतुक. भावोजींना अगदी भरून आलं. तेवढ्यात, एकीकडे गवंड्याची माफी मागत, मेहुण्याने छिन्नी-हातोडी त्यांच्या हातात दिली आणि शिडीकडे बोट दाखवलं.

पहिला सांधा फुटताच आत तुंबलेलं पाणी थेट भावोजींच्या तोंडावर आलं. एका परीने बरंच झालं. डोळे पुसायला निमित्त मिळालं.