धक्के : निरंक

चाफेआळीचा रस्ता दीड किलोमीटर लांब असून त्याची रुंदी ऋतुमानाप्रमाणे कमीजास्त होते. उमरोळी स्टेशनाकडून तो बऱ्यापैकी आत्मविश्वासाने निघतो आणि वस्ती दिसू लागली की कच खातो. रिक्षावाला दामू नेमका तिथेच सवारी उतरवतो आणि "आता चाला, पायाला बरं असतं," असा फुकट सल्ला देतो. आळीतला प्रणव तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात नोकरीला होता आणि या रस्त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार मेघालीची होती.

मेघाली त्याची बायको. तिला सातवा महिना लागला होता. थोरल्या लेकीच्या, उन्नतीच्या वेळी ती रीतीप्रमाणे माहेरी, शिरगावला गेली होती. दुसरं बाळंतपण सासरी, हीही रीतच. पण डॉक्टरीणबाईंनी "हादरे अजिबात नकोत" असं बजावलं आणि मेघालीने तो आदेश जसाच्या तसा नवऱ्याकडे पुढील कार्यवाहीस्तव पाठवला.

"नववा लागायच्या आत रस्ता झाला तर मी इथं. नाय झाला तर उन्नतीला घेऊन मी चालली शिरगावला, आणि रस्ता होईपर्यंत परत येणार नाय. तुमी आणि बाबा बसा एकमेकांना खिचडी वाढत."

प्रणवला खिचडी करता येत नव्हती आणि वडिलांना, म्हणजे रामनाथांना, ती खाता येत नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर बायको आणि लेकीवाचून त्याला दोन दिवस करमत नसे. त्याने त्याच दिवशी रस्ता समाधान कक्षाकडे अर्ज केला. आठवड्याभरात उत्तर आलं : आपला अर्ज प्राप्त झाला असून, अर्ज प्राप्त झाल्याची नोंद घेण्यात आली आहे.

आता शहाण्या माणसाने अशा वेळी त्या अर्जाच्या मानगुटीवर बसावं की नाही? पण नेमका तेव्हाच कारखान्यातला मेहुल वापीला बदलून निघाला आणि आपली जुनी माउंटन सायकल प्रणवच्या गळ्यात मारून गेला. सायकल दिसायला झकास होती, फक्त तिचे धक्के झेलणारे पुढचे शॉकअप खाली दबत नसत, आणि चुकून दबलेच तर वर येत नसत. चाफेआळीतून स्टेशनापर्यंत जाईस्तोवर प्रणवच्या मनगटांना मुंग्या येत.

बोईसरच्या कैलास मिस्त्रीने सायकल एकदाच दाबून पाहिली. "नया मत डालो भैया, साइकिल से महंगा पड़ेगा. अंदर से सूख गया है, बस. खोलो, धोओ, तेल पिलाओ."

झालं! प्रणवला वेड लागलं. त्याने ओसरीवर जुनी चादर अंथरली आणि शॉकअपचे पार सुटे भाग केले. आतला चिखल रॉकेलने धुतला. मोटारसायकलच्या दुकानातून मापाचे ऑइल सील शोधून आणले. आतल्या स्पंजच्या कड्या विरल्या होत्या, त्या मेघालीच्या भांडी घासायच्या नव्या स्पंजातून कापल्या आणि तेलात बुडवून बसवल्या. स्प्रिंग मऊ पडत होती, म्हणून वाडीत पाण्याच्या लाइनीतून उरलेल्या पीव्हीसी पायपाचा बोटभर तुकडा वर ठेवून तिला ताण दिला. दोन रविवार गेले, पण खर्च म्हणाल तर एका वेळच्या पापलेटाएवढा. सायकल अशी चालू लागली की हातात पाण्याचा पेला धरून न्यावी.

"सायकलचं झालं," रामनाथ म्हणाले. "रस्त्याचं कं हाय?"

"चालू हाय, बाबा."

चालू होतंच. आठवा महिना लागताच पाहणी अधिकारी पुंजाराम वाघचौरे स्वतः आले. मात्र त्यांची जीप वस्तीच्या तोंडाशी थांबली. खड्ड्यांच्या रस्त्यावर शासकीय वाहन नेऊन नुकसान झाल्यास ते अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल करावं, असा नियम होता. चालत जायलाही साहेबांची ना नव्हती, पण रस्त्याची पाहणी वाहनावरूनच करावी, असाही नियम होता.

"एखादं अशासकीय वाहन आहे का?" वाघचौरेंनी विचारलं.

प्रणवने सायकल पुढे केली. साहेबांनी पँटचे पायचे मोज्यात खोचले, नमुना क्रमांक सात खिशात घातला आणि ते निघाले. आळी श्वास रोखून बघत होती. साहेब खड्ड्यात दिसेनासे होत, पुन्हा वर येत. पंधरा मिनिटांनी ते परतले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सहलीला जाऊन आल्याचा आनंद होता.

"रकाना चार : पाहणीदरम्यान बसलेले धक्के," त्यांनी वाचलं. "मला तर एकही बसला नाही हो."

इथे प्रणवने काय म्हणायला हवं होतं ते दारात उभी असलेली मेघाली डोळ्यांनी ओरडून सांगत होती. साहेबांचा हात धरून त्यांना चालवत न्यायचं, एका खड्ड्यात उभं करायचं, बस. पण दोन रविवार राबलेल्या माणसाला घरातून कौतुकाचा एक शब्द मिळाला नव्हता, आणि पहिला शब्द साक्षात शासनाकडून आला होता.

"बसणारच नाय, साहेब!" त्याची छाती फुगली. "आत स्पंज टाकलाय, वर पायपाचा तुकडा. कसलाही खड्डा असू दे, कळतच नाय!"

"कळतच नाही," साहेबांनी लिहून घेतलं. "खर्च?"

"काहीच नाय म्हणा ना!"

साहेबांनी "अत्यल्प" असं लिहिलं आणि खाली प्रणवची सही घेतली. त्याने ती झोकात केली.

वीस दिवसांनी पत्र आलं. "स्थळपाहणीत धक्के निरंक आढळले. दोष रस्त्यात नसून वाहनात होता व तो अर्जदाराने स्वखर्चाने दूर केल्याचे अर्जदाराने स्वतःच मान्य केले आहे. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे." सोबत नवं परिपत्रक होतं. यापुढे रस्त्याच्या तक्रारीला आपल्या वाहनाचे शॉकअप सुधारल्याचा दाखला जोडावा. दाखला नसल्यास तक्रार स्वीकारू नये, आणि दाखला असल्यास धक्का बसत नसल्याने तक्रार उद्भवत नाही. रस्त्यासाठी आलेला निधी या शोधाच्या प्रसारावर खर्च झाला. मांडव पडला, शाल-श्रीफळ झालं, प्रणवला "धक्कामुक्ती मार्गदर्शक" ही पदवी मिळाली. हा बाप्पा टाळ्या ऐकून लाजला!

मग आळी त्याच्या ओसरीवर लोटली. सायकली आल्या, मोटारसायकली आल्या, येसूबाई मासळीची पाटी बांधलेली आपली स्कूटर घेऊन आली. "पोरा, हातात जादू हाय तुझ्या," म्हणत तिने बोंबलांचे दोन वाटे ठेवले. दामूची रिक्षासुद्धा तयार झाली आणि तो थेट दारापर्यंत येऊ लागला. कोणाला कसला त्रास राहिला नाही. खड्डे मात्र निश्चिंत मनाने मोठे होत गेले.

"आता बस रिक्षात," प्रणव मेघालीला म्हणाला. "कळणारसुद्धा नाय."

रिक्षा दहा हात गेली आणि मेघाली पोट धरून खाली उतरली. "अहो, गाडीचं आतडं असतं पायपाचं. माझ्या पोटाला कुठला स्पंज लावताय?" तिने उन्नतीचं बोट धरलं, पिशवी सासऱ्यांच्या हातात दिली आणि दीड किलोमीटर सावकाश चालत स्टेशन गाठलं. नववा त्याच दिवशी लागला होता.

शिरगावला मुलगा झाला. छान गुटगुटीत आहे, बापाचं नाक घेऊन आला आहे. बारसं तिकडेच झालं आणि पाळणाही तिकडेच राहिला, कारण मेघाली शब्दाची पक्की. प्रणव दर सुट्टीला जाऊन पोराला खेळवतो आणि रडवेला होऊन परततो.

शेवटी त्याला अक्कल आली. त्याने नवा अर्ज लिहिला, या वेळी साऱ्या आळीच्या सह्यांनिशी द्यायचा म्हणून. दामू म्हणाला, "कशाला रे? चाललंय की मजेत." येसूबाई म्हणाली, "खोटी सही कशी करू बाबा? मला कुठं धक्का लागतोय?" तेहतीस घरं फिरून प्रणवकडे दोनच सह्या जमल्या. एक त्याची, दुसरी खिचडीला कंटाळलेल्या रामनाथांची.

मग तो आळीबाहेर पडला. पालघर झालं, बोईसर झालं, आणि गेल्या आठवड्यात तो तुमच्याही दारात आला होता. तुम्ही त्याला पाणी दिलंत. अर्ज नीट वाचलात, "अगदी खरं लिहिलंय हो, कुणीतरी बोलायलाच हवं," असंही म्हणालात. सहीसाठी पेन उघडलंत आणि मग खाली लावलेल्या आपल्या गाडीकडे पाहून आवाज हळू करत विचारलंत, "सहीचं बघू सावकाश. आधी मला सांगा, ते पायपाचं आमच्या गाडीला बसेल का?"